छतातील भोकांचा ताळेबंद

गृहकर्जाच्या कागदपत्रांवर सह्या करणाऱ्या कुटुंबाच्या डोळ्यांसमोर जे घर तरळत असते, त्यात भिंतींचे रंग ठरलेले असतात, देवघराची जागा ठरलेली असते, मुलांच्या अभ्यासाचे टेबल कोठे ठेवायचे तेही ठरलेले असते. छताकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. ते वर आहे, एवढेच आपल्याला पुरेसे वाटते. कर्ज विभागात सहा वर्षे काढलेल्या माझ्यासारखीलाही ठाण्यातील आपल्या स्वतःच्या घराचे छत नेमके कशाचे आहे, हे २०२४ च्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते. घर आम्ही आधीच्या मालकाकडून घेतलेले. छताची सजावट त्यांनी केलेली. आणि ती दिसायला सुरेख होती.

त्या मे महिन्यात बैठकीच्या खोलीत, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाच्या बरोबर वर, चहा सांडून वाळावा तसा तपकिरी कडांचा एक डाग उमटला. आठवड्याभरात तो ताटाएवढा झाला. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गणित-शिक्षिका एकट्या राहतात. सारी इमारत त्यांना काकू म्हणते. त्यांची न्हाणी आमच्या बैठकीच्या लगतच्या भागावर येते, तेव्हा निष्कर्ष काढण्यास वेळ लागला नाही. मी वर गेले आणि जरा चढ्या आवाजातच बोलले, हे आज कबूल केले पाहिजे. संस्थेने पाठविलेल्या नळकारागिराने न्हाणीत दोन ठिकाणी ठोकून पाहिले आणि नहाणी ट्रॅप गळत असल्याचा निर्वाळा दिला. काकूंनी ट्रॅप बदलून घेतला, फरशीच्या सांध्यांत नवा माल भरून घेतला. खर्च आला ११,५०० रुपये.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, डाग वाळला, आणि निदान अचूक होते असे सर्वांनी मानले. पाऊस सुरू झाला तसा आमचा वातानुकूलक बंद झाला होता, ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात डाग पुन्हा ओला झाला. या वेळी छत हाताच्या रुंदीएवढे खाली झुकलेही. मी पुन्हा वर गेले. काकू दारातच म्हणाल्या, "आता काय सगळी फरशी उखडू का गं?" मी काही उत्तर न देता खाली आले. त्यानंतर दहा दिवस आम्ही जिन्यात समोरासमोर आलो तरी एकमेकींशी बोललो नाही.

अखेर आमचे छत उघडून पाहण्याचे ठरले. कारागिराने न्हाणीच्या बाजूला पहिले चौकोनी भोक पाडले. आत विजेरी टाकून पाहिले, तर वरचा स्लॅब कोरडा ठणठणीत. कोळ्याचे जाळेसुद्धा शाबूत. मग डागाजवळ दुसरे भोक पाडले. तेथे वातानुकूलकाचे पाणी बाहेर नेणारी प्लास्टिकची नळी होती. तिच्या दोन तुकड्यांच्या सांध्याला सोल्युशन लावलेलेच नव्हते. एक तुकडा दुसऱ्यात नुसता खोचलेला. नळीला उतारही पुरेसा नव्हता. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचे यंत्र तासाला एखादा लिटर पाणी सहज गाळते. ते सारे आमच्याच छतात मुरत होते.

माझे सासरे शिडी धरून खाली उभे होते. टपाल खात्यात आयुष्य घालविलेला हा मितभाषी मनुष्य. ते एवढेच म्हणाले, "आधी वर जाऊन सांगून ये. भोकं काय, उद्याही बुजतील."

मी गेले. काकूंनी ऐकून घेतले, "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

हे छत असते तरी कशाचे?

ज्याला इंग्रजी मुलखात प्लास्टरबोर्ड म्हणतात, तो आपल्याकडे जिप्सम बोर्ड या नावाने मिळतो. कागदाच्या दोन जाड थरांमध्ये जिप्समचा गाभा दाबून बसविलेला असतो. जाडी बहुधा साडेबारा मिलिमीटर. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक तक्ता सुमारे १९ किलो भरतो. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट याने १८९४ साली अशा बोर्डाच्या पूर्वजाचे पेटंट घेतले. आपल्या देशातील खनिज जिप्सम जवळजवळ सारे राजस्थानातून, बिकानेर-नागौर-जैसलमेरच्या बाजूने येते. पॅरिसमधील मोंमार्त्रच्या टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून 'प्लास्टर ऑफ पॅरिस' हे नाव रूढ झाले आणि आपल्या कारागिरांनी त्याचे 'पीओपी' केले.

या पदार्थाचे रसायन वाणिज्य शाखेच्या माणसालाही कळण्यासारखे आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याच्या प्रत्येक रेणूच्या खात्यावर पाण्याचे दोन रेणू जमा असतात. सुमारे दीडशे अंश तापमानाला भाजले की त्यांतील दीड रेणू खर्ची पडतात आणि पीओपीची पांढरी भुकटी उरते. त्या भुकटीत पाणी घालताच गेलेले पाणी पुन्हा खात्यावर जमा होते आणि भुकटीचा दगड होतो. या बांधलेल्या पाण्याचे वजन जिप्समच्या एकूण वजनाच्या जवळजवळ एकपंचमांश असते. आग लागली तर आधी ते पाणी वाफ होऊन जाते आणि तेवढा वेळ बोर्ड आगीला थोपवून धरतो. बाहेरच्या पाण्याशी मात्र याचे बिलकूल पटत नाही. सतत ओल राहिली की गाभा मऊ पडतो, कागद सुटतो आणि तक्ता स्वतःच्याच वजनाने झुकतो. आमच्या मुलीच्या टेबलावर नेमके हेच घडत होते.

हा बोर्ड मूळ स्लॅबला चिकटविलेला नसतो. स्लॅबपासून काही इंच खाली जस्तलेपित पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा टांगतात, कारागीर त्याला 'चॅनल' म्हणतात, आणि त्या चॅनलना स्क्रूने तक्ते आवळतात. बोटाने ठोकल्यास पोकळ आवाज येतो. जुन्या घरांत चॅनलऐवजी लाकडी पट्ट्या आढळतात. काही ठिकाणी बोर्ड नसून जाळीवर थापलेले पीओपी असते. भोकाची कड पाहिली की उलगडा होतो. कागद दिसला तर तो बोर्ड. फार जुन्या इमारतीत सपाट, करड्या, कठीण तक्त्यांचे छत असेल तर ते ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. अशा छताला घरच्या माणसाने करवत लावू नये, घासू नये. येथे जाणकाराशिवाय गत्यंतर नाही.

आम्ही एका ठेकेदारास बोलाविले. त्याने मान वर करून पाहिले आणि सबंध बैठकीचे छत नवे करण्याचे ३८,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. ते वाजवी की अवाजवी, याची चर्चा येथे नको. परंतु दोन भोकांसाठी अखंड छत उतरविण्याची कल्पना आम्हांला पटली नाही. पती कामानिमित्त कोचीला होते. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. मी चार दिवसांची रजा टाकली आणि सासऱ्यांच्या साहाय्याने हे काम घरीच करावयाचे ठरविले.

आधी कारण, मग भोक

दुरुस्तीतील सर्वांत मोठी चूक आम्ही मे महिन्यातच करून चुकलो होतो. गळतीचे कारण सिद्ध न करता उपाय केला. वाचकांपैकी ज्यांच्या छताला आज डाग असेल, त्यांनी शेजाऱ्याचे दार ठोठावण्यापूर्वी एक साधी नोंदवही ठेवावी. डाग कोणत्या दिवशी ओला होता, त्या दिवशी घरात काय चालू होते, पाऊस होता की नाही, हे रोज लिहावे. गळती अहोरात्र एकसारखी असेल तर दाबाखालच्या पाण्याच्या नळीवर संशय घ्यावा. वापरानंतरच ती दिसत असेल तर सांडपाण्याची वाट पाहावी. पावसातच दिसली तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. आणि उन्हाळ्यात व ऑक्टोबरात दिसून पावसाळ्यात नाहीशी झाली तर आपल्याच वातानुकूलकाकडे पाहावे. न्हाणीची परीक्षा करावयाची असल्यास ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी चोवीस तास साठवून ठेवतात. पाण्यात थोडा रंग मिसळला तर शंकेस जागा उरत नाही. काकूंकडे ही परीक्षा केली असती तर एका दिवसात, जवळजवळ फुकट, निकाल लागला असता.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, पावसाच्या पाण्याने किंवा सामाईक नळवाहिनीतून होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेने करावयाचा असतो. सदनिकेतील न्हाणी, मोरी इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा संबंधित सदनिकाधारकांनी. इतर राज्यांतील ग्राहकांनी आपापल्या संस्थेचे नियम पाहावेत. तसेच १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विम्यात पाण्याच्या टाक्या व नळ फुटून किंवा भरून वाहून होणारे नुकसान समाविष्ट आहे. परंतु महिनोन्महिने हळूहळू झिरपून झालेली हानी ही निराळी गोष्ट आहे. पॉलिसीतील अपवादांचे पान घर कोरडे असतानाच वाचून ठेवावे, असे माझे मत आहे.

नळी दुरुस्त झाल्यावर आम्ही यंत्राच्या तसराळ्यात तांब्या-तांब्याने पाणी ओतून पाहिले. दुसऱ्या टोकाला ते सारे बाहेर पडले, सांधा कोरडा राहिला. मग पाच दिवस पंखा लावून छत वाळू दिले. ओल्या बोर्डावर केलेले काम टिकत नाही. वाळल्यानंतर अंगठ्याने दाबत गेलो. जेथे बोर्ड घट्ट होता तेथे फक्त डाग मानला. जेथे अंगठा रुतला किंवा कागद फुगला होता, तो भाग कापून काढण्याचे ठरविले.

विजेसंबंधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या भोकातून दिव्यांच्या तारा दिसल्या. त्यांचा जोड नुसती काळी पट्टी गुंडाळून ओल्या बोर्डावर सोडून दिलेला होता. ते पाहून माझे हातपाय गार पडले. ताटाएवढ्या डागाच्या खाली माझी मुलगी पाच महिने अभ्यास करीत होती. छताला हात लावण्यापूर्वी त्या भागाचा मुख्य स्विच पाडावा, टेस्टरने खात्री करावी, आणि आत उघडे जोड आढळल्यास विद्युत कारागिराकडून ते बंद डबीत घालून घ्यावेत. येथे आम्ही काटकसर केली नाही.

पहिले भोक

न्हाणीच्या बाजूचे भोक साधारण फूटभर लांबी-रुंदीचे होते आणि कडा वेड्यावाकड्या. सामान हटविले, जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मुखपट्टी बांधली. छताचे काम करताना धूळ सरळ डोळ्यांत उतरते, ही गोष्ट पहिल्या मिनिटातच कळते. पट्टीने चौकोन आखून लहान टोकदार करवतीने भोक सरळ कापून घेतले. भोक मोठे होते याचे वाईट वाटून घेऊ नये. सरळ कडांचे मोठे भोक वेड्यावाकड्या लहान भोकापेक्षा सोपे असते.

आता प्रश्न असा, की ठिगळ टेकवायचे कशावर? वर तर पोकळी. यासाठी बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या तीन इंच रुंद अशा दोन पट्ट्या घेतल्या. भोकापेक्षा त्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच अधिक लांब होत्या. पट्टी तिरपी करून भोकातून वर सरकवावयाची, दोन्ही टोके शाबूत बोर्डाच्या पाठीवर टेकवावयाची आणि खालून, जुन्या बोर्डातून, स्क्रू आवळून ती पक्की करावयाची. हे लिहिण्यास सोपे आहे. प्रत्यक्षात स्क्रू टेकताच पट्टी वर उडे. तिसऱ्या वेळी पट्टी छतात जाऊन पडली आणि ती काढण्यात अर्धा तास गेला. तेव्हा सासऱ्यांनी पट्टीच्या मध्यभागी एक लांब स्क्रू अर्धवट पिळून त्याला सुतळी बांधली. टपालाच्या गठ्ठ्याला बांधतात तशीच गाठ होती. सुतळी खाली ओढून धरली की पट्टी बोर्डाला घट्ट बसते. मग दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू, आणि मधला काढून टाकला.

अख्खा तक्ता विकत घेण्याची गरज पडली नाही. शेजारच्या इमारतीत काम चालू होते, तेथून उरलेला तुकडा मागून आणला. जाडी मात्र जुन्या बोर्डाएवढीच हवी, हे कड मोजून पाहिले. बोर्ड कापणे हा या कामातील एकमेव सुखाचा भाग. धारदार चाकूने वरचा कागद पट्टी लावून चिरावयाचा, चिरेवर टेबलाच्या कडेने मोडावयाचा, मग मागचा कागद कापावयाचा. कड काचेसारखी निघते. ठिगळ भोकापेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान ठेवावे. ठासून बसविलेले ठिगळ कडांना भुगा होते. २५ मिलिमीटरच्या काळ्या स्क्रूंनी ते प्लायवुडच्या पट्ट्यांना आवळले. स्क्रूचे डोके कागदाच्या पृष्ठभागाच्या किंचित आत जावे. कागद फाटता कामा नये. फाटला की त्या स्क्रूची पकड गेलीच म्हणून समजावे आणि इंचभर बाजूला दुसरा मारावा.

यानंतर सांधे. बाजारात दोन प्रकारचा माल मिळतो. एक डब्यात तयार मिळणारा, जो हवेने वाळतो. दुसरा पोत्यातील भुकटी, जी पाण्याने घट्ट होते. नवशिक्याने पहिला घ्यावा. आम्ही उत्साहाच्या भरात दुसऱ्याने सुरुवात केली आणि घमेल्यातील माल वीस मिनिटांत दगड झाला. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करणे म्हणजे बुडीत कर्जाला नवे कर्ज देणे होय: वरवर खाते हालते, आत बळ नसते. शिवाय आधीच्या मालाचे कण घमेल्यात राहिले तर नवा माल आणखी लवकर आवळतो, कारण जुने स्फटिक नव्यांना जामण लावल्यासारखे काम करतात. म्हणून प्रत्येक वेळी घमेले स्वच्छ धुवावे. सिमेंट मात्र भरू नये. ते जिप्समशी एकजीव होत नाही. ओल लागली तर दोघांचे बिनसते आणि भेग पडते.

फटी भरल्या, त्यावर कागदी टेप ओल्या मालात दाबून बसविली. टेपशिवाय सांधा केला तर पहिल्या उन्हाळ्यातच केसाएवढी रेघ दिसू लागते. मग पत्र्याने एकावर एक असे तीन हात: पहिला चार इंच रुंद, दुसरा आठ, तिसरा बारा-चौदा इंच. प्रत्येक हात पातळ असावा आणि आधीचा पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत एक रात्र पुरली. पावसाळ्यात दोन-तीन दिवसही लागू शकतात. एकाच जाड थरात काम उरकण्याचा मोह होतो. तो थर आकसतो, भेगाळतो आणि छताला टेंगूळ आल्यासारखे दिसते. माझ्या दुसऱ्या हातातच थोडे टेंगूळ आले होते. सासऱ्यांनी ते पाहिले असावे, पण बोलले नाहीत.

घासताना आधी १२० आणि मग २२० क्रमांकाचा पॉलिश पेपर वापरला. खोलीतील दिवे मालवून विजेरीचा झोत छताच्या समांतर धरला, की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. दिवसाच्या उजेडात सपाट दिसणारे छत अशा वेळी डोंगराळ प्रदेशाच्या नकाशासारखे दिसते.

दुसरे भोक, आणि किरकोळ भोके

डागाजवळचे भोकही याच रीतीने बुजवावे असा माझा विचार होता. साहित्य घेऊन मी शिडीवर चढलेही होते. सासरे म्हणाले, "नळीचा सांधा पुन्हा सुटला तर? पुन्हा फोडणार का?" प्रश्न रास्त होता. ज्या जागी नळी, तारा किंवा झडप आहे ती जागा कायमची बंद करणे म्हणजे पुढच्या माणसाला हातोडा देणे. म्हणून तेथला मऊ पडलेला बोर्ड चांगल्या भागापर्यंत कापून काढला, कडांना प्लायवुडच्या पट्ट्यांचा आधार दिला आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीचे तयार झाकण बसविले. कारागीर त्याला 'ट्रॅप डोअर' म्हणतात. ते बोटाने दाबले की उघडते. शोभेच्या दृष्टीने ते उणे आहे, पाहुण्यांनी विचारलेही. परंतु माझ्या मते आपल्याकडील प्रत्येक छताला असे एक झाकण पहिल्याच दिवशी असावयास हवे.

आधीच्या मालकाने काढून नेलेल्या एका दिव्याचे तीन इंची गोल भोक राहिले होते. एवढ्यासाठी मागे पट्टी लावण्याचे कारण नाही. बोर्डाचा एक तुकडा घ्यावा, भोकाहून सर्व बाजूंनी दीड-दोन इंच मोठा. त्याच्या पाठीवर भोकाच्या मापाचे वर्तुळ आखावे आणि वर्तुळाबाहेरचे जिप्सम हलकेच सोलून काढावे. दर्शनी कागद मात्र शाबूत ठेवावा. आता मध्ये जिप्समची चकती आणि भोवती कागदाची झालर असे बूच तयार होते. भोकाच्या कडेला माल लावून ते बसवावे. झालर टेपचे काम करते. चार-पाच इंचांपर्यंतच्या भोकांना ही युक्ती चालते. स्क्रूची लहानसहान भोके तर दोन पातळ हातांत बुजतात. त्यांच्या कडांचा फुगलेला कागद आधी चाकूच्या मुठीने आत दाबून घ्यावा, म्हणजे झाले.

येथे एक इशारा. बुजविलेल्या जागेला, किंबहुना कोणत्याही बोर्डाला, पंखा टांगू नये. पंख्याचा हूक मूळ स्लॅबमध्येच हवा. जड झुंबरालाही तोच नियम.

राहता राहिला डाग. त्यावर आम्ही नेहमीचा पाण्यात मिसळणारा रंग दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपकिरी कडा जशाच्या तशा वर आल्या. पाण्याचा डाग पाण्याच्या रंगात विरघळून वर येतो. त्यावर आधी तेलयुक्त प्रायमरचा हात द्यावा लागतो. तो वाळल्यावर मग रंग. आणि रंग केवळ ठिगळावर देऊन भागत नाही. डबा तोच असला तरी जुना पांढरा पिवळसर झालेला असतो आणि नवा पांढरा चौकोन होऊन उठून दिसतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत सारे छत रोलरने रंगविले, तेव्हा कोठे समाधान झाले. माल, टेप, स्क्रू, झाकण, प्रायमर, रंग असा सारा मिळून ४,८६० रुपये खर्च आला. नळी आणि विजेच्या जोडाची कारागिरी वेगळी. माझ्या मानेला जे झाले ते जमेस धरलेले नाही.

खात्यातील मोठी नोंद मात्र अजून बाकी होती. वसुबारसेच्या संध्याकाळी मी ११,५०० रुपयांचे पाकीट घेऊन वर गेले. काकूंची बचत कोणत्या बँकेत आहे, तिच्यावर किती व्याज येते, हे मला माहीत नाही. आणि माहीत असते तरी येथे लिहिले नसते. पण निवृत्त माणसाला अकरा हजार म्हणजे काय, हे आमच्या काउंटरवर रोज दिसते.

काकूंनी पाकीट उघडलेच नाही. त्यांनी कपाटातून एक वही काढली. त्यात नळकारागिराची बिले नीट चिकटविलेली होती. "ट्रॅप वीस वर्षांचा होता. आज ना उद्या बदलावाच लागला असता. तो आणि त्याची नळी, ४,२०० रुपये, हे माझे. फरशीचे सांधे तुझ्या हट्टापायी भरले. ते ७,३०० तुझे." मी म्हटले, "काकू, सगळेच घ्या ना." त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षे गणित शिकवलं. चुकीच्या उत्तराला गुण देत नाही, तसे बरोबर पायरीचे कापतही नाही." ७,३०० मोजून घेऊन उरलेले त्यांनी परत दिले आणि सुवाच्य अक्षरांत पावती लिहून दिली. ती पावती मी घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवली आहे.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी काकू फराळाला आल्या. छताकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या. "कुठे होतं गं भोक?" त्यांनी विचारले. मला मनातून आनंद झाला. तेवढ्यात सासऱ्यांनी दिवे मालविले आणि विजेरीचा झोत छताला समांतर धरला. काकूंनी चकली खाली ठेवली आणि बोट वर केले. "हे बघ, इथे."

झाकण आम्ही २०२५ च्या मार्चमध्ये, वातानुकूलक सुरू करण्याआधी, उघडून पाहिले. सांधा कोरडा होता.